राजखेकड्याचा पहिला घास

पोर्थवेलन, कॉर्नवॉल
७ मार्च २०२२

ती. वन्संना मॉर्वेनाचा शि. सा. न. वि. वि. गुडघा धरला आहे, तेव्हा साष्टांगातलं एक अंग कमी समजावं.

डेन्झिल गेला त्या सकाळी मी शेगडीतली राख काढली, कोंबड्यांना दाणे टाकले आणि बटाटे सोलत बसले, एवढंच मला नेहमी आठवतं. तो पहाटेच बोट घेऊन गेला होता. चहाचा कप न विसळता तसाच ठेवून, नेहमीसारखा, आणि त्यावरून मी एकटीच पुटपुटत होते. मग दार वाजलं. तुमची बोट खाडीच्या तोंडाशी स्वतःभोवती गोल फिरते आहे, इंजिन चालू आहे आणि आत कोणी नाही, असं सांगायला माणूस आला होता. वन्सं, हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. आज पुन्हा लिहिलं, कारण आजही मी राख काढत होते आणि दार वाजलं.

या वेळी फॅन्शॉ साहेब होते. लंडनहून निवृत्त होऊन आले, मासळीचं जुनं गोदाम विकत घेतलं आणि त्याचं पाहुण्यांसाठी घर केलं, ते. आता धक्क्यावर मासळीचा वास येतो अशी त्यांची तक्रार असते. त्यांना आपली बोट हवी आहे. समुद्रात न्यायला नाही. अंगणात ठेवून, आत माती भरून जिरेनियमची फुलझाडं लावणार आहेत. डेन्झिलचं स्मारकच होईल ते, असं म्हणाले. मी त्यांना चहा दिला. बिस्किटं दिली नाहीत.

पण नुसतं हसून भागत नाही. डेन्झिलमागे त्याच्या हाताखालचा जोरी बोट चालवतो आहे. लांबटांगे खेकडे एप्रिलात किनाऱ्याला येतील तेव्हा पिंजरे भरतीलही, पण न्यायला कोण येणार? पूर्वी पाण्याच्या टाकीचा ट्रक धक्क्यावर यायचा, दुसऱ्या दिवशी खेकडे तुमच्या फ्रेंच बाजारात जिवंत वळवळायचे. आता आम्ही युरोपच्या बाजारातून मानाने बाहेर पडलो आहोत. ट्रकवाल्याने जोरीला सांगितलं की दहा टोपल्यांना जेवढे कागद लागतात तेवढेच हजार टोपल्यांना लागतात, तेव्हा तो फक्त मोठ्या बंदरात जातो. फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून मी व्यापारावरचं एक जाड पुस्तक आणून वाचलं. त्यावरून मला कळलं ते असं, की खेकड्यावर जकात शून्य आहे, पण ते शून्य भरायला एक दलाल, एक पशुवैद्य आणि तीन शिक्के लागतात.

या हंगामात खेकडा विकला गेला नाही तर जोरी बोट सोडणार. मग ती कुजेल, नाहीतर जिरेनियमखाली जाईल. काय करू ते कळवा.

गौल्वेन भावोजींना नमस्कार. लोभावर अजून शिक्का लागत नाही, तोवर तो भरपूर पाठवावा.

आपली
मॉर्वेना

रोस्कॉफ, ब्रिटनी
१९ मार्च २०२२

चि. मॉर्वेनास टॅमसिनचे अ. उ. आ. गुडघ्याला शेक दे, म्हणजे पुढच्या वेळी नमस्कार पुरा येईल.

पत्र यायला बारा दिवस लागले. तुमचं स्वातंत्र्य टपालालाही मिळालेलं दिसतं.

अगं, बाबांनी त्या बोटीला माझं नाव दिलं ते मी जन्मले म्हणून. ‘टॅमसिन’ खाडीतून निघाली की आई म्हणायची, बघा, थोरली निघाली तोंड वर करून. त्या थोरलीच्या पोटात माती घालणार? त्या फॅन्शॉला सांग, मला पुरायची एवढी हौस असेल तर थोडी वाट बघ म्हणावं, मी सत्तरीच्या पुढे गेले आहे.

तू इथे येऊन बाजार बघायला हवास. लांबटांग्याला काय भाव आला आहे! गौल्वेनच्या दुकानात बायका विचारतात, इंग्रजांचा माल का येत नाही? गौल्वेन सांगतो, त्यांना तो स्वतःच खायचा आहे. बायका खूश होतात. त्यांना वाटतं, शहाणे झाले बिचारे. आमच्याकडे रविवारी दुपारी टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून, हातोडी आणि चिमटा घेऊन, घरातली सगळी दोन तास खेकडा फोडत बसतात आणि तुमच्या गावाला ‘अरेरे’ म्हणतात. तुम्ही समुद्र परत घ्यायला मतं दिलीत, घेतलात. आता त्यात जे आहे ते जेवा.

चेष्टा पुरे. गौल्वेनचा पुतण्या मालो बोटच शोधतो आहे. त्याची जुनी मोडीत काढायची आणि तिच्या परवान्यावर दुसरी घ्यायची, असं इथे करता येतं. तो ‘टॅमसिन’ घ्यायला तयार आहे, नावासकट. लेक सासरी जाते तशी जाईल म्हण. मीही तशीच आले होते, आणि बाबा आठ दिवस कुणाशी बोलले नव्हते.

जोरीलाही ठेवला असता, पण आता त्यालाही खेकड्यासारखेच कागद लागतात, आणि त्याला जिवंत राहायला टाकी नाही.

आशीर्वाद आहेतच. रागही धर हवा तर, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी
टॅमसिन

पोर्थवेलन
२ मे २०२२

ती. वन्संना नमस्कार, वि. वि. या वेळी पुरा आहे, शेक लागू पडला.

मालोचं जोरीला सांगितलं. तो दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, काकी, फ्रेंचांना दिलीत तर या गावात मला बियर कोण देईल? खरं आहे. युरोपातून बाहेर पडायचं मतदान ज्या वर्षी झालं त्या वर्षी डेन्झिलनेच बोटीला फलक बांधला होता, आपली मासळी आपली म्हणून. मी माझं मत कोणत्या बाजूला दिलं ते त्यालाही सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. पण तो फलक बांधताना त्याने मला एक गोष्ट सांगितली असती तर बरं झालं असतं. मासळी आपली झाली तर ती खाणार कोण?

कारण वन्सं, तुम्ही पन्नास वर्षं तिकडे राहून विसरलात. इथे लांबटांग्या कोणी खात नाही. पकडायचा, विकायचा, तोंडात घालायचा नाही. तुमच्याच बाबांचा नियम होता. बुडालेल्या माणसांना आधी तो भेटतो, म्हणून. तुमच्या आजीसमोर त्याचं नाव काढलं तरी ती थुंकायची. आणि ज्या बाईचा नवरा पाण्यात गेला, तिच्या घरात तर तो उंबऱ्याच्या आत येत नाही.

आता गंमत ऐका. खेकड्यांनी पिंजरे गच्च भरले आहेत. ट्रक नाहीच. तेव्हा फॅन्शॉ साहेबांनी समिती काढली आहे, ‘आपला समुद्र, आपलं ताट’. जूनमध्ये प्रार्थनागृहाच्या सभागृहात मोठं जेवण. पाहुणे, वर्तमानपत्रवाले, हॉटेलवाले बोलावणार. त्यांना खेकडा आवडला की ते रोज घेतील, बोटी चालतील, जोरी राहील. लांबटांग्या हे नाव गावंढळ वाटतं म्हणून त्याचं ‘राजखेकडा’ असं बारसं केलं. बारशाला शँपेन उडवली. ती कुठून आली ते मी विचारलं नाही.

आणि पहिला घास मी घ्यायचा, असं समितीने एकमताने ठरवलं. गावाला त्या खेकड्याची भीती आहे ना, मग जिचा माणूस गेला तिनेच खाल्ला की भीती संपेल. फॅन्शॉ साहेब म्हणाले, किती हृदयस्पर्शी दिसेल. दोन गावकरी मान खाली घालून बसले होते, पण मत त्यांचंही पडलं.

मी विचार करून सांगते म्हणाले. जोरी खिडकीबाहेर उभा होता.

लोभ असू द्यावा. इथे सध्या सगळ्यांचा माझ्यावर फार आहे, त्याने घाबरायला होतं.

आपली
मॉर्वेना

रोस्कॉफ
१४ मे २०२२

चि. मॉर्वेनास आशीर्वाद.

खाऊ नकोस.

मी काही विसरले नाही. रविवारचं जे मागच्या पत्रात लिहिलं, त्यात दोन तास खेकडा फोडत बसतात ते बाकीचे. मी वर्तमानपत्र पसरते, हातोडी मांडते आणि स्वयंपाकघरात जाऊन अंडं तळून खाते. डेन्झिल गेल्यापासून मी तो तोंडात घातलेला नाही. इथल्या लोकांच्या ध्यानीमनीही नाही. गौल्वेनला कळलं आहे, तो अंड्यावर मीठ घालून देतो.

आता हे तुला लिहिलं, म्हणजे मला हसायचा तुझा हक्क झाला. पण त्या लोकांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून तू ते गिळायचं नाहीस. नाव राजा ठेवलं म्हणून तो काही दुसरा झाला नाही. भीती गावाची आहे, तर गावाने आधी खावं, तू शेवटी.

मालो जूनच्या अखेरीपर्यंत थांबेल. तुझ्याकडून उत्तर आलं नाही तर तो दुसरी बघेल.

तुझी, आणि तुझ्याच बाजूची
टॅमसिन

पोर्थवेलन
११ जून २०२२

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. खाल्ला.

जोरीच्या बायकोने मला खा म्हणून गळ घातली नव्हती. पण गेल्या आठवड्यात तिला सुट्टीला येणाऱ्या तंबूवाल्यांच्या मैदानावर संडास धुवायचं काम विचारताना पाहिलं. मग मी समितीला हो म्हणून आले.

सभागृह भरलं होतं. भिंतींना झेंडे, टेबलांवर जोरीने पकडलेले खेकडे उकडून, पाठीवर लिंबाची फोड ठेवलेले. दोघे फोटोवाले होते. फॅन्शॉ साहेबांनी भाषण केलं. पूर्वजांचा समुद्र, स्वावलंबन, आणि आपल्यामधली एक धीराची स्त्री, असं सगळं आलं. मग ताट माझ्यापुढे.

मी तंगडी मोडली. चिमटा नीट धरता येईना, कारण इथे कुणी आयुष्यात तो धरलेला नाही. शेवटी जोरीच्या चाकूच्या मुठीने फोडली आणि मांस काढून खाल्लं. गोड होता, वन्सं. लिहायला जड जातं, पण गोड होता. मी दुसरी तंगडी घेतली. तिसरीही घेतली. डेन्झिल समोर बसला असता तर त्याने लोणी मागितलं असतं, एवढंच मनात आलं.

टाळ्या झाल्या. फोटो झाले. मी म्हटलं, चांगला आहे, आता तुम्ही घ्या.

कुणी घेईना. एकाने लिंबाची फोड तेवढी उचलून चोखली. एकीने तंगडी हातात घेतली, फोटो काढून घेतला आणि परत ठेवली. हॉटेलवाले म्हणाले, कवच फार काटेरी आहे, गिऱ्हाइकाचं बोट कापलं तर भरपाई कोण देणार. मी फॅन्शॉ साहेबांचं ताट त्यांच्याकडे सरकवलं. ते म्हणाले, त्यांना कवचाचं काहीच चालत नाही, डॉक्टरांनी लहानपणापासून बंद केलं आहे. समितीचे अध्यक्ष! थोड्या वेळाने सभागृहाच्या दाराशी तळलेल्या मासळीची गाडी आली, बहुतेक कुणीतरी फोन करून बोलावली असावी, आणि सगळं गाव तिकडे रांगेत उभं राहिलं. गाडीवर पाटी होती, आजचा कॉड मासा नॉर्वेचा. आपला समुद्र टेबलांवर तसाच गार होत राहिला.

जोरी एकेक खेकडा टोपलीत परत भरत होता. त्याची बायको मदतीला आली. मैदानावरचं काम तिला मिळालं, त्यालाही देणार आहेत, असं तिने सांगितलं. तिने ते आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं, म्हणून मीही तसंच ऐकलं.

मग फॅन्शॉ साहेब हातात कॉडचा पुडा घेऊन माझ्याशेजारी बसले. प्रयत्न तर केला आपण, म्हणाले. आता बोटीचं ठरवून टाकू, फुलं याच महिन्यात लावली तर पावसाळी हवेत धरतील. मी सांगितलं, बोट रोस्कॉफच्या मालोला देणार आहे. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. साहेबांचा पुडा अर्ध्यावर थांबला. फ्रेंचांना बोट देऊन डेन्झिलच्या कबरीसमोर कोणत्या तोंडाने उभ्या राहाल, असं त्यांनी मला विचारलं. फार मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी म्हटलं, “डेन्झिलला कबर नाही, फॅन्शॉ साहेब. पाणी आहे. ते इथे आहे तेवढंच तिकडे आहे.”

जोरीने टोपली उचलली आणि मला घरापर्यंत सोडलं. वाटेत म्हणाला, काकी, मालोला बोट खाडीबाहेर काढता येणार नाही, खडकांची त्याला माहिती नाही, तेव्हा तेवढं मी करीन. बियरचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, संडास धुणाऱ्याला गावात कोणीही बियर देतं.

तुम्ही अंडं खाता हे वाचून मी हसले नाही. एकदा इकडे या, मी खेकडा उकडीन आणि दोघी मिळून अंडं खाऊ.

भावोजींना नमस्कार. माझा लोभ बोटीबरोबर पाठवते आहे, तो तिकडच्या तपासणीत अडला तर सोडवून घ्यावा.

आपली
मॉर्वेना

ता. क. १२ जून. काल पत्र पेटीत टाकायला जमलं नाही, बरं झालं. आज सकाळी जोरीला घेऊन धक्क्यावर गेले. बोट आतून बाहेरून धुतली, तळावरचे शिंपले खरवडले, इंजिनात तेल घातलं. मालोला म्हणावं, येताना दोर आणू नकोस. इथले चांगले आहेत.