डब्यातल्या सुपाऱ्या

धार, १० फेब्रुवारी १९१३

उमाबाई गेल्या आणि मला रडू का येत नाही? परवा दुपारी गेल्या. तापाचे निमित्त झाले. आज शाळा उघडली.

बी. ए. होऊन मी या मुलींच्या शाळेत आले, तेव्हापासून शेजारशेजारच्या खोल्यांत शिकवतो आहोत आम्ही — शिकवत होतो. त्या माझ्या कितीतरी आधीपासूनच्या. रोज सकाळी सुजल्या पायांनी घरोघर जाऊन मुली गोळा करायच्या. मी आजारी पडले तेव्हा स्वतः पेज करून आणली, आणि संपेपर्यंत समोर बसून राहिल्या.

त्यांच्या फळीवर सुपाऱ्यांचा डबा तसाच आहे. प्रत्येक सुपारी वेगळ्या चिंधीत. मी चेष्टा करायची — एवढी सुपारी खाता तरी कधी? "खायला दात कुठे ठेवलेत देवानं, इंदू?"

१२ फेब्रुवारी

मालन आली होती. पुढच्या महिन्यात सातवीची परीक्षा. आमच्या शाळेतून इथवर पोचलेली ही पहिलीच. पास झाली तर उमाबाईंच्या खुर्चीवर तीच बसेल. मी ठरवले आहे.

१४ फेब्रुवारी

मालनची आई आली, सुभद्राबाई. नवरा संस्थानच्या पागेत कामाला आहे. म्हणाली, "आमची सुपारी द्या."

मला वाटले, कार्याला हवी असेल. डबा पुढे केला. तिने चिंध्या चाळल्या. "ही बघा. माझ्या हिरव्या लुगड्याची."

कसली सुपारी, मी विचारले.

"तुम्हाला ठाऊक नाही? मालनला शाळेत धाडली तेव्हा उमाबाईंनी घेतलेली. म्हणाल्या, मागाल त्या दिवशी पोर न् सुपारी दोन्ही तुमच्या दारात. कारण विचारणार नाही. तेव्हा कुठं मालक हो म्हणाले."

आणि बाकीच्या?

"सगळ्यांच्याच की. सुपारीबिगर कोण धाडतंय पोर?"

बागली गावचे स्थळ आले आहे, तिच्या भावाने आणलेले. "भिया म्हणतो, इम्तिहान-बिम्तिहान रहने दो. मुलाकडचे थांबायचे नाहीत."

मी सुपारी तिच्या बोटांतून काढून डब्यात टाकली आणि झाकण लावले. आधी परीक्षा, म्हणाले. शाळा म्हणजे सावकाराची पेढी नव्हे.

ती भांडली नाही. पदर सारखा केला. "उमाबाई असत्या तर दिली असती," एवढेच बोलली.

१५ फेब्रुवारी

दोन वर्षांपूर्वी सीता अशीच शाळेतून गेली. हुशार पोर. मी वर्गात बसून रडले. उमाबाईंनी स्वतःच्या पदराने माझे डोळे पुसले होते — "नशीब पोरीचं, इंदू."

आज बकुळाला विचारले. मुलींची ने-आण करते ती. सीतेला कोणी नेले?

"उमाबाईंनीच. मी संगती होते ना. पोरगी रडाया लागली तर हात धरून नेली."

मला का नाही सांगितले?

"त्या म्हणायच्या, नवी बाई आहे. सांगितलं तर देवासला बापाकडे पळून जाईल."

म्हणजे पदर ओला झाला तो सीतेला पोचवून आल्यावर! माझ्यासमोर बसलेली एकही मुलगी माझी नव्हती. सगळ्या उसन्या आणलेल्या. आणि मी त्यांना उद्याच्या गोष्टी सांगत होते. उमाबाई पलीकडच्या खोलीत ते ऐकत होत्या.

आज रडू आले. त्यांच्यासाठी नव्हे.

१७ फेब्रुवारी

मालन नाही. इतरही नाहीत. पुढच्या बाकावर एकटी न्यायाधीशांची लेक. बकुळा म्हणाली, "दरवाजे लावून घेतात, बाईसाब. म्हणतात, नव्या बाईनं शब्द मोडला."

१८ फेब्रुवारी

न्यायाधीशांची लेकही नाही.

२० फेब्रुवारी

घरोघर गेले. उमाबाई जात त्याच वाटेने. स्त्रीशिक्षणावर बोलले. पुण्याला बक्षीस मिळाले होते तेच भाषण जवळजवळ. सगळीकडे पाट दिला, पाणी दिले, मन लावून ऐकले. एक म्हातारी तर म्हणाली, किती गोड बोलते पोर. आणि मग, "आमची सुपारी तेवढी आणली असतीस तर."

परत येताना उमाबाईंच्या खोलीला कुलूप घातले. तुम्ही मला एकदा, एकदाच सांगायला हवे होते. मी पळून गेले असते का? गेले असते बहुधा. तरी सांगायला हवे होते.

बाबांनी देवासहून कळवले आहे — थोरल्या पातीच्या संस्थानात तुझ्यासाठी एक चांगले घर बघितले आहे, होळीपर्यंत ये.

२२ फेब्रुवारी

बाबांना ‘नाही’ म्हणून कळवले.

मग हिरव्या चिंधीतली सुपारी घेऊन पागेकडे गेले आणि सुभद्राबाईच्या हातात ठेवली. मालन चुलीपाशी होती. तिने वर पाहिले नाही. तिची धाकटी बहीण कमल दारात उभी राहून माझ्या चपलांकडे बघत होती.

सुभद्राबाईने कमलकडे पाहिले आणि घरातली एक सुपारी आणली. लुगड्याची नवी चिंधी फाडली. मी हात पुढे केला.

मागाल त्या दिवशी, म्हणाले. कारण विचारणार नाही.