डाळ वाढली

प्रिय मैथिली,

अनेक आशीर्वाद. ईराची पहिलीची ॲडमिशन पुण्यातच घेऊन टाकू का, असं तू परवा विचारलंस आणि मी आवाज येत नाही म्हणून फोन कुशलच्या हातात दिला. आवाज चांगला येत होता. पण तुझा नवरा शेजारी बसलेला असताना काय बोलणार? समोरच्या बदरुन्निसाचा मुलगा ओवेस उद्या सुट्टीवर गावी निघालाय, मुंबईत उतरला की हे पत्र कुरिअर करेल.

इथलं म्हणशील तर जहाजं अडल्याच्या बातम्या रोज येतात आणि अबुधाबी रोज ऑफिसला जाते. शाळा चालू आहेत, दुकानात माल आहे. काही वस्तू महागल्या, बऱ्याच नाहीत. पण कुशलचं गणित वेगळं. पूर्वी तो किंमत आधी दिरहममध्ये सांगायचा, मग रुपयांत. आता तिसरा आकडाही सांगतो, पुढच्या महिन्यात होईल तो. हा आकडा कुठल्याच दुकानात लावलेला नसतो, पण झोप त्यानंच उडते. तुम्हा मायलेकींना पुण्याला धाडलं तेही या तिसऱ्या आकड्याच्याच भरवशावर.

ईराच्या खोलीत सध्या तूरडाळ राहते. पलंगावर तांदळाच्या गोण्या, टेबलाखाली तेलाचे डबे. यात नकळत माझाही हात आहे. डबा रिकामा झाला की संपला म्हणायचं नाही, वाढला म्हणायचं, हे माझ्या आईनं लावलेलं वळण. मी स्वयंपाकघरातून सांगायची, डाळ वाढली रे. कानाला हेडफोन लावलेल्या माझ्या चिरंजीवांना ऐकू यायचं, भाव वाढला. आज डाळ, उद्या तांदूळ, परवा तेल. संध्याकाळी गोणी हजर, शिवाय बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज की बातमी खात्रीची आहे. तो वाचून बदरुन्निसानंही डाळ भरून ठेवली. एकदा ती बसलेली असताना मी म्हटलं, मीठ वाढलं, आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. रत्नागिरीकडची ती, तिला हे बोलणं ठाऊक. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुशल मात्र हसला नाही. म्हणाला, आज नाही तर उद्या वाढेलच ना. तेव्हा मला त्याच्याबद्दल भीती वाटली.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसात त्याच्या छातीत दाबल्यासारखं झालं. घाबरू नकोस, हृदय ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाले, हे काळजीचं दुखणं. गोळी दिली आणि जोडीला योग करायला सांगितला. तुला कळवायचं नाही अशी त्यानं मला शपथ घातली होती, ती मोडली. खालच्या हॉलमध्ये संजना सकाळी वर्ग घेते, तिथे मी त्याला घेऊन जाते. सुरुवातीला हा छातीभर श्वास घ्यायचा आणि सोडायचाच नाही. संजना म्हणाली, सर, सोडा हो, हवा पुढच्या महिन्यातही फुकटच मिळणार आहे. सगळे हसले, त्यालाही हसू आलं. परवा शवासनात चक्क घोरला. कुणी उठवलं नाही. इतका गाढ झोपलेला मी त्याला कधीपासून पाहिला नव्हता. मला रडू आलं, म्हणून मीही डोळे मिटून पडून राहिले.

काल त्यानं आपणहून पलंगावरची एक गोणी उचलली आणि बदरुन्निसाच्या नवऱ्याला, नूरुद्दीनला दिली. तिकडे मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत त्याचं वर्कशॉप आहे ना, त्यात कामगारांचा स्वयंपाक होतो, तिथे ती लागेल. बाकीच्या गोण्या तशाच आहेत. पण पलंगाचा कोपरा मोकळा झाला आणि कुशल बराच वेळ तिथे ईराची उशी झटकत बसला होता.

म्हणून हे पत्र. पुण्यात ॲडमिशन घेऊ नकोस. पैसे पुरतील का, मला ठाऊक नाही आणि खरं तर त्यालाही नाही. तो काही तुला बोलावणार नाही. अजून महिनाभर थांब म्हणेल, मग आणखी महिनाभर. तू त्याला विचारत बसू नकोस, तिकीट काढ. एवढ्या भरल्या घरात बसून सांगते, मैथिली, इथे माणसं वाढली आहेत. माझ्या आईच्या अर्थानं.

तुझीच,
आई