माठाला झालेली कावीळ

सोलापूर

तीर्थरूप गुरुशांतमामांना भाचा शिवूचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. (बरे म्हणजे नक्की किती, ते पुढे सविस्तर येईल.) मामींचा गुडघा कसा आहे? फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही मधेच "मुद्द्यावर ये" म्हणता आणि माझा मुद्दाच निसटतो.

तुमच्या भुवनेश्वरीचं आणि माझं लग्न ठरलं आहे. तेव्हा माझ्या रक्तात जे निघालं ते तुम्हाला मोडनिंबच्या स्टँडवर कुणाकडून कळू नये, आणि कळल्यावर तुम्ही सोयरीक मोडू नये, एवढीच इच्छा आहे. घाबरू नका. तुमच्या वाटचंही मी घाबरून घेतलं आहे.

आमच्या गल्लीतल्या शिबिरात मी रक्त दिलं होतं. पुढे रक्तपेढीचा फोन आला, की एलायझा चाचणीत हिपॅटायटिस सी, म्हणजे काविळीचा एक विषाणू, निघाला आहे, डॉक्टरांना भेटा. मी आधी एका लॅबमध्ये जाऊन कार्डावरची झटपट चाचणी केली. (बोटातून एक थेंब घेतात. दोन रेघा उमटल्या तर आजार, एक उमटली तर नाही. मी कार्ड उजेडाला धरून, तिरकं करून, चष्मा काढूनही पाहिलं. एकच रेघ.) म्हणजे एक हो, एक नाही. आता आमच्या टॉवेलच्या कारखान्यात माल तपासणाऱ्या दोन चेकरांचं जमलं नाही तर माल तिसऱ्याला दाखवतात आणि दोघं म्हणतील ते खरं धरतात. मी तेच करायचं ठरवलं आणि तिथंच फसलो.

कारण तिसरा चेकर आईनं आणला. "शिवू, कावीळच हाय की ही! माळ घालू या," म्हणाली आणि काविळीवर घालतात ती काड्यांची माळ माझ्या गळ्यात घातली. माळ लांबत जाईल तशी कावीळ उतरते म्हणतात. माझी बेंबीपर्यंत गेली, म्हणजे कावीळ होतीच. दोन विरुद्ध एक! पण चेकरलाही तपासावं लागतं, म्हणून मी तसलीच दुसरी माळ गुपचूप पाण्याच्या माठाला घातली. ती माझ्यापेक्षा लांब गेली. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई, माठालाबी झाली की!" आणि सगळं पाणी तुळशीला ओतलं. (नंतर तुळशीकडेही संशयानं बघत होती.) मी तर ताट, तांब्या, टॉवेल सगळं वेगळं केलं होतं.

शेवटी डॉक्टर तन्वीर यांच्याकडे गेलो आणि मतमोजणी सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "अरे शिवू, ही काय सोसायटीची निवडणूक आहे का? लग्न उरकल्यावर मांडवाच्या खांबांचे खड्डे राहतात ना? कार्ड आणि एलायझा तसले खड्डे, म्हणजे विषाणू येऊन गेल्याच्या खुणा, शोधतात. एलायझाची नजर बारीक, म्हणून कधी उंदराचं बीळही खड्डा समजते. मांडवात आत्ता कुणी बसलंय का, ते आरएनएची पीसीआर चाचणी सांगते." आणि ताट वेगळं करायची गरज नाही, जेवणातून हा पसरत नाही, हेही म्हणाले. (आईनं तरी माझं ताट अजून आपल्यात मिसळलेलं नाही.)

पीसीआरचा रिपोर्ट आला. विषाणू आढळला नाही. पूर्वी कधी होऊन आपोआप गेला असेल किंवा एलायझानं उगीच ओरड केली असेल. काही महिन्यांनी एकदा परत तपासू म्हणाले. लग्नाला हरकत नाही, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मामींना नमस्कार.

आपला,
शिवू

ता. क. लग्नपत्रिका छापायला गेली नसेल तर "मांडवात रक्तदान शिबिर, प्रथम रक्तदान नवरदेवाचे" ही तुमची ओळ तेवढी बदला. मी बरा असलो तरी एलायझात एकदा निघालेल्या माणसाचं रक्त पेढी घेत नाही. हे सगळं पत्र खरं तर त्या ओळीसाठी आहे.

ता. क. दुसरा. भुवनेश्वरीला मी तुमच्या आधी फोनवर सांगितलं, रागावू नका. ती म्हणाली, "अप्पांना सांग, नवरदेवाच्या जागी नवरी घाला. तू नुसता शेजारी बस, लई प्रश्न विचारू नकोस." शिबिरातली कॉफी आणि बिस्किटं मला चालतात का, हे मी डॉक्टरांना विचारून ठेवलं आहे. चालतात.