रोज लहान होणारी रांगोळी

युसूफ वडगाव,
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

प्रिय रोहिणी वहिनी,

मागच्या पत्रात मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची कळवली. माझा कॉम्प्युटरचा प्रोग्राम रोज सकाळी आपल्या मनाने नवी रांगोळी काढतो, कुणाची नक्कल करत नाही, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. दादा लातूरला दवाखान्यात होता तेव्हा तुम्ही दारात काढलेल्या रांगोळीचा फोटो मी त्याला रोज पाठवायचे. ते सगळे फोटो माझ्याकडे होते. प्रत्येकातले ठिपके मोजून, रेघ कुठे वळते ते टिपून मी प्रोग्रामला दिलं. आजच्या रांगोळीवरून उद्याची कशी होते, एवढंच त्याने शिकायचं होतं. तुम्हाला मी विचारलं नाही.

संक्रांतीला अप्पांच्या दुकानातल्या टीव्हीवर ती रांगोळी लावली. शेजारच्या बायडाबाई साखर घ्यायची सोडून बघत राहिल्या. "अगं शिवे, रोहिणी आली काय गं नांदूरघाटहून? ही तर तिच्याच हातची हाय." मी नुसती हसले. तेव्हाच कबूल करायला हवं होतं.

मग रांगोळी लहान व्हायला लागली. पंधरा ठिपक्यांची तेरा झाली, तेराची अकरा. रेघा बारीक, वळणं कमी. "कावून रोडावायली गं ही? उपास धरला काय?" बायडाबाईंनी थट्टा केली. अप्पा म्हणाले, वायर सैल झाली असेल. मी आठ दिवस प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. आकार कमी कर, असं मी कुठेही लिहिलेलं नव्हतं. सकाळी दुकानाचं शटर वर करायला हात धजेना. आत कुणीतरी बसून रोज थोडं थोडं आवरतंय, असं वाटायचं. शिवरात्रीच्या सकाळी काळ्या पडद्यावर एकच ठिपका उमटला. दुसऱ्या दिवशीही तोच. पुढे काही नाही.

तेव्हा मी फोटो पुन्हा उघडले. मी ते तारखेच्या क्रमाने दिले होते. दादाचं दुखणं वाढत गेलं तशी तुमची रांगोळी आक्रसत गेली होती, आणि प्रोग्राम तेच शिकला. मी तुमच्यासमोर उभी राहून रोज फोटो काढत होते वहिनी, आणि मला ते दिसलं नाही. दादाला बहुतेक दिसलं असावं. शेवटी शेवटी तो "छान" असं लिहायचा थांबला होता.

प्रोग्रामला दिलेला शेवटचा फोटो मात्र दादाला पाठवलेला नाही. त्याला माती दिल्यानंतर पाचव्या दिवसाचा आहे तो. सवयीने तुम्ही रांगोळीचा डबा घेऊन दारात बसलात, सवयीने मी मोबाइल धरला. ओल्या सड्यावर तुमचा पहिला ठिपका. तेवढ्यात आत तुमचा फोन वाजला म्हणून तुम्ही उठलात. रस्त्याने तीन बायका येत होत्या. आपल्यात सुतक-विटाळ मानत नाहीत, असं अप्पा गिऱ्हाइकांनाही सांगतात, तरी मला त्या बायकांच्या नजरेची भीती वाटली. मी पायाने ठिपका पुसला, डबा माळ्यावर टाकला आणि तुम्ही बाहेर आल्यावर म्हणाले, "आई म्हणाली, आता ऱ्हाऊ द्या."

आई असं म्हणाली नव्हती. ती तेव्हा मागे गोठ्यात होती, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. महिन्याभरात तुम्ही माहेरी गेलात, जाताना तिच्या पाया पडला नाहीत. तीन वर्षं ती मला विचारत आली, "माझं काय चुकलं गं?" शाळेत जाण्याआधी ज्वारीचे दाणे मांडून जिने मला मोजायला शिकवलं, तिच्या माथी मी माझा भित्रेपणा मारला आणि गप्प राहिले.

आता पत्राचं कारण. संभाजीनगरच्या एका प्रदर्शनात ही रांगोळी निवडली गेली आहे. "ही कलाकृती संपूर्णपणे माझी आहे" अशा कागदावर सही करून तो पाच मार्चच्या आत पाठवायचा आहे. पेन हातात घेतलं आणि तुमच्याकडून दुसऱ्यांदा काहीतरी हिसकावून घेतेय असं वाटलं. सही केली नाही. काल आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, मारेल. ती भाजी निवडत होती. निवडून झाल्यावर एवढंच म्हणाली, "नांदूरघाटची गाडी किती वाजता असती?" मी तो बिनसहीचा कागद आणि सगळे फोटो घेऊन येते. त्यावर तुमचं नाव घालायचं, की सगळंच पुसून टाकायचं, ते तुम्ही सांगाल तसं. मला घरात घेतलं नाही तरी चालेल, आईला घ्या. आम्ही दोघी सकाळी नऊच्या एसटीने निघतो, सोमवारी, दोन मार्चला.

तुमचीच,
शिवांजली