माह्या नावाचा रेडर

गुंटूर
२ फेब्रुवारी

हेमराजभाऊ,

नमस्कार आहेच, पण तू परवा फोन कापला म्हणून गोष्ट संपली असं समजू नको. माहं म्हणणं अजून तेच आहे. मंडळाच्या कबड्डीत लच्छूभाऊले खेळवाचं तं खुशाल खेळव, पण माह्या नावावर काऊन?

फोनवरच बोललो असतो, पण तू फोन स्पीकरवर टाकतं आन् माय बाजूले बसून सारं आयकते. म्हणून चिठ्ठी. माह्यासंग कामाले असते थो झिंगू लग्नाले गावाकडे येऊन राह्यला, त्याच्या हाती देतो. सहावीपर्यंतच शिकलो, चुका पोटात घालून वाचजो. आन् एकटाच वाचजो.

आपल्या मंडळाच्या नागसेननं मले सामन्याचा व्हिडिओ धाडला. माइकवाला बोलून राह्यला, आता चढाईले प्रणित, गावचा वाघ प्रणित. आन् मैदानात कोण, तं भंडाऱ्याचा लच्छू. पोट सुटलेला, केसाले काळं लावलेला. माह्या आधारवर चाळीस वर्षाचा माणूस बावीसचा झाला. सातातले तीन गावचेच पाहिजे हा नियम तुले माहीत आहे, दोन भरले, तिसऱ्याच्या जागी माहं आधार देल्लं. झेराक्सात साऱ्याईचंच तोंड काळं दिसते, पंच तरी काय वळखन. वरून उत्कृष्ट चढाईची ढाल भेटली. ढालीवर प्रणित लिहिलं आहे म्हणते. कुठी ठेवली? आपल्या घरी का त्याच्या?

तुहं म्हणणं मले पाठ आहे. जुने दोघं-तिघं नसले तं पोरं समोरची टीम पाहूनच थरथरतेत. बक्षीस नाई आलं तं पुढच्या वर्षी मंडळ नाई. हे खोटं नाई म्हणत मी. लहान होतो तवा लच्छूभाऊले मधल्या रेषेवर गिरकी घेताना पाह्यलं, त्याच दिवशी मले कबड्डीचं याड लागलं. त्याच्यावर माहा राग नाई. येताना मले फल्लीदाण्याच्या पुड्या आणे थो.

पण नागसेनचं काय? थो तीन सालापासून डावा कोपरा धरून प्रॅक्टिस करून राह्यला, आन् सामन्याच्या दिवशी साऱ्याईचे चप्पल राखते. त्यानं विचारलं तं तू त्याले काय म्हणाला, ते त्यानं मले सांगितलं.

"अजून दोन वर्षं थांब, मग तुहाच नंबर."

भाऊ, मले बी हेच म्हणला होता तू. याच शब्दात. दोन वर्षं थांबलो, मग अजून दोन म्हणला. मग मी इथी आलो. लोक समजतेत पैशासाठी गेला. पैशासाठी तं गेलोच, पण तेवढंच नाई.

इथलं बरं आहे. जेवण तिखट, पाणी जड. कोल्ड स्टोरेजात मिरचीचे पोते उचलाचं काम होतं, आता थोडे दिवस झाले बायाईसंग बसून देठ खुडून राह्यलो. बसल्या जागचं काम आहे. हात भगभगतेत, बाकी काई नाई. रोजी अर्धी भेटते. बाया हासतेत, मले म्हणतेत तुले आता लुगडं घेऊन देतो. तेलुगूत म्हणतेत, पण तेवढं समजते.

तू म्हणशीन पोते सोडून देठाले काऊन बसला. सांगतो.

संक्रांतीले इथी बी गावोगाव कबड्डी असते. आमच्या शेठची टीम आहे. त्यायचा बी नियम तसाच, गावचेच पोरं पाहिजे. शेठनं मले पोते उचलताना पाह्यलं, खेळतं का म्हणला. मी हो म्हणलो. त्यानं गावच्या एका पोराचं आधार देल्लं, वेंकटेश नावाचं. म्हणजे तिकडे माह्या नावावर लच्छू खेळून राह्यला आन् इकडे मी वेंकटेशच्या नावावर. तुह्यासंग फोनवर एवढं भांडलो, पण हे नाई सांगितलं. भांडताना बी माहीत होतं मले, मी कोणत्या तोंडानं बोलून राह्यलो ते.

थो वेंकटेश रेषेच्या बाहेर उभा होता. त्याच्याच नावाची जर्सी माह्या आंगावर. माह्याकडे पाहे. नागसेन पाहते तसंच. मी पाह्यलं आन् पाह्यलं नाई असं केलं. मले फक्त खेळाचं होतं भाऊ. चार वर्षानं कोणी चढाईले माहं नाव घेतलं होतं, मंग ते नाव माहं नसलं तरी.

पहिल्या चढाईत दोघं मारले. दुसरीत एक. तिसरीत तिघं आंगावर पडले आन् डावा गुडघा आतून तुटला. बाहेरून काईच दिसत नाई, सुजला तेवढाच. दवाखान्यात नाव वेंकटेशचंच लिहिलं, कागदं त्याच्याच नावाचे. आतली नस तुटली, ऑपरेशन लागते म्हणलं. फुकट ऑपरेशन सरकारी कार्डावर होते, पण त्याले मशीनवर वेंकटेशचाच अंगठा लागते. अंगठा तं माहा आहे. शेठ म्हणला, तू कधी खेळलाच नाई, यादीत तुहं नावच नाई. खरं बी आहे. दुसऱ्या दिवशी वेंकटेशची माय आली, पोलीस भरतीत याच्या नावाचा तुटका गुडघा निघाला तं काय करू म्हणून शिव्या देऊन गेली. बरोबर होतं तिचं.

डाक्टर म्हणला चालता येईन, पळाचं नाव काढू नको. पोतं तं नाईच.

म्हणजे शिवरात्रीच्या सामन्याले माही जागा राखून ठेव म्हणून संक्रांतीआधी जे फोनवर बोललो होतो, ते राहू दे. मी येत नाई. यादीतून माहं नाव मात्र काढू नको. काढलं तं गावात विचारतीन, आन् माय तुह्या मागं लागन. वयनी सांगे, भोंग्यातून प्रणित आयकलं का माय हातातलं काम थांबवते. तिले माहीत आहे थो लच्छू आहे, तरी थांबवते. कागदावर माहे दोन्ही गुडघे चांगले आहेत, तसेच राहू दे. लच्छूभाऊलेच खेळव.

एकच कर. नागसेनले दोन वर्षं सांगू नको. घेणार नसशीन तं तोंडावर नाई म्हण. थो रडन, तुले शिव्या देईन, पण गावातच राहीन. मले जर तू नाई म्हणला असता तं मी खेळणं सोडून देल्लं असतं, आन् कापूस येचत बसलो असतो दोन पायावर. तुले दोष देत नाई. देत होतो, चार वर्षं. आता देठ खुडता खुडता तेवढं बी जमत नाई.

मायले सांगजो, काम बसल्या जागचं आहे, आराम आहे. यात खोटं काईच नाई.

मंडळाजवळ लच्छूभाऊच्या मानधनाले पैसा पुरत नाई, हे बी नागसेननंच सांगितलं. माह्या नावानं खेळते तं माहा बी वाटा लागते. पाय सांभाळून खेळजो म्हणजो त्याले.

तुहा भाऊ,
प्रणित

लच्छूभाऊसाठी, झिंगूच्या हाती: अठराशे रुपये.