पाहणारीचा वाटा

४ ऑगस्ट, सोमवार
क्लेट्टाविकला पोचले. बोगद्यातून बाहेर पडले तर लख्ख ऊन. आमच्या फेरो बेटांवर याहून चांगलं स्वागत कुणाला मिळत नाही. हॉटेलचा मालक हेरगाइर धक्क्यावरच भेटला. काम सरळ आहे: हॉटेलच्या जाहिरातीसाठी ड्रोनने गावाचं चित्रण, आणि रविवारी हॉटेल भरवणार असलेल्या समुद्रातल्या पोहण्याच्या शर्यतीचं. शर्यतीत माझी धाकटी बहीण रन्नवा आहे. आईने बजावलंय, आकाशातून का होईना, पोरीवर लक्ष ठेव.
वारा मंद होता. दोन्ही बॅटऱ्या संपेपर्यंत उडवलं. चित्र स्वच्छ.

६ ऑगस्ट, बुधवार
सकाळी खाडीच्या तोंडाशी देवमाशांचा कळप दिसला. शिकारीचा मुकादम तुम्मास, त्याला फोन केला. कळप दिसला की कळवायचं, ही लहानपणापासूनची सवय. विचार करावा लागत नाही. होड्यांनी कळप उथळ पाण्यात रेटला. माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरली, मानांत सुरे गेले, खाडी लाल झाली. मग माशांच्या कातडीत वाट्यांचे आकडे कोरले.
पहिल्यांदा पाहणाऱ्याला एकचा आकडा कोरलेला, सर्वांत मोठा मासा मिळतो. मी नको म्हटलं. जाहिरातीच्या आसपास रक्त नको, असं हेरगाइरने सांगितलं होतं. डेन्मार्कात शिकून जीभ बदलली वाटतं, असं तुम्मास म्हणाला. सगळे हसले, तो हसला नाही. पाहणारीने नाकारलेला वाटा समुद्र परत पाठवतो, आणि तेव्हा तो काय पाठवेल ते आपल्या हातात नसतं, म्हणाला.
घरमालकीण ओलुवाने जेवताना मीठसुद्धा पुढे सरकवलं नाही.

९ ऑगस्ट, शनिवार
रन्नवा आली. लगेच काळा पोहण्याचा पोशाख चढवून सरावाला उतरली.
स्क्रीनवर देवमाशाचं पिल्लू. पाठीवर पर, श्वासाचा फवारा. मान वर केली तर रन्नवा, मला हात करत होती. खाली पाहिलं, पिल्लू. लेन्स पुसली, केबल बदलली. तेच. नंतर चित्रण लावून पाहिलं तर त्यात रन्नवाच होती. म्हणजे दोष स्क्रीनचा. असावा.
उद्या उतरू नकोस म्हटलं. ताई, तुझ्या खेळण्याला चष्मा लाव, म्हणाली.
हेरगाइरला चित्रण रद्द करू म्हटलं. त्याने धक्क्यावर मोठा पडदा लावलाय, उडतं चित्र सगळ्या गावाला तिथल्या तिथे दिसावं म्हणून. पडद्यावर बघू, चांगलंच दिसेल, म्हणाला.

१० ऑगस्ट, रविवार
शर्यत सुरू झाली. पडद्यावर कळप.
लोक हसत होते. मग हसू थांबलं. कुणीतरी कळप आल्याची ती जुनी हाक दिली आणि होड्या सुटल्या.
मी ड्रोन उतरवलं. पडदा काळा झाला. तरी सगळे पाण्याकडे बघून मोजत होते — सोळा, सतरा. ओलुवासुद्धा. माणसं आहेत ती, मी ओरडले. तुम्मासने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पोरी, पाहणारी तूच, म्हणाला. हात प्रेमाने ठेवला होता.
पोहणारे किनाऱ्याकडे वळले. होड्यांना तेच तर हवं होतं. पहिला सुरा मानेत गेला तो हेरगाइरच्या पुतण्याच्या. हेरगाइर स्वतः दोर ओढत होता. गुडघाभर लाल पाण्यात मी सुरे घेतलेल्या दोघांना मागे ओढलं, त्यांनी मला उचलून बाजूला ठेवलं. जपून. नातेवाइकासारखं.
रन्नवा माझ्याकडेच पोहत येत होती. मग माणसांच्या पाठींच्या आड —

दुपार
खोलीत कोंडून घेतलंय. तोरशाव्हनच्या पोलिसांना फोन केला. कळप किती मोठा, त्यांनी विचारलं.

खाली हातगाडी थांबली. ओलं पोतं. तुम्मास वर हाका मारतोय. तुझा वाटा, या खेपेला नाही म्हणू नकोस —

पोतं हललं.

हात. दंडावर एकचा आकडा कोरलाय. बोटं हलतायत. रन्नवा जिवंत —

घेते म्हणून खिडकीतून ओरडले. माझी आहे, घेते. तुम्मासला बरं वाटलं. टोपी काढली. जीव आहे अजून, आधी मान कापून देतो, मग घे, म्हणाला. सुरा —

नको म्हटलं. तशीच द्या, तशी —

ओलुवा खालच्या दारातून पातेलं घेऊन आली, मानेखाली धरायला —