बिनमिठाचा मका

प्रिय आई,

आणि चष्मा पुसून, घसा खाकरून हे वाचायला बसलेले तुझे जावईबापू, म्हणजे आमचे भावोजी, त्यांनाही नमस्कार. तुझ्या मोतीबिंदूपासून घरात आलेला कागद न कागद तेच मोठ्यानं वाचून दाखवतात. ताईला वाचू देत नाहीत, तिला कुठं थांबायचं कळत नाही म्हणे. म्हणून काल मी ताईला फोन करून सांगितलं, उद्या माणसाच्या हाती पत्र येतंय, त्यात माफी आहे, तू शेजारी पानावर नजर ठेवून बस आणि त्यांना एक ओळ गाळू देऊ नकोस. ती रडायलाच लागली. तिला वाटलं, सुधारलं कार्टं.

मी मजेत आहे. सायकलच्या दुकानावर खोली मिळालीय, खाली दिवसभर ठोकठोक चालते. किराणा दुकानात लागलोय, मांडण्या भरायला. साबण इकडं, बिस्किटं तिकडं, डबे वरच्या फळीवर. मालक म्हणतात, तुझं तोंड बंद असतं तेव्हा तुझे हात बरे चालतात. दोनदा जेवतो. केस कापलेत. काळजी करत असशील तर करू नकोस, करत नसशील तर ठीकच आहे.

आई, तुला आठवतं का, हृदयाच्या डॉक्टरांनी तुझं मीठ बंद केलं तेव्हा तू किती चिडचिड करायचीस? आळणी भाजी ताटात आली की तू तिच्याकडं सवतीसारखी बघायचीस. मग भावोजी मक्याचे डबे घेऊन आले, अख्खा खोका. जेवताना डबा हातात धरून त्यांनी लेबल वाचलं, बातम्या द्याव्यात तसं. शंभर ग्रॅममागं ऊर्जा ऐंशी, प्रथिनं अडीच, तंतू दोन, वरून मीठ घातलेलं नाही. आणि खरं सांगतो, मक्यात वाईट काही नाही. आमच्या डबाबंद मालाच्या कारखान्यात सकाळी शेतातून आलेलं कणीस संध्याकाळी डब्यात बंद झालेलं असायचं. तापवताना थोडं सत्त्व जातं, पण बरंच राहतं. तंतू राहतात, दाण्याचा तो पिवळेपणा राहतो, तो डोळ्यांना चांगला म्हणतात. मुळात गोड, त्यामुळं मीठ नसलं तरी कळत नाही. तुला आवडला. वाटीभर रोज.

पण भावोजी तेवढ्यावर थांबले असते तर ते भावोजी कसले. ते म्हणाले, डब्यातलं पाणी फेकायचं नाही, सगळं सत्त्व पाण्यात उतरतं, ते प्यायचं. तू प्यायलीस. पहिल्याच दिवशी म्हणालीस की खारट लागतंय. त्यांनी परत लेबल वाचून दाखवलं आणि सांगितलं, डबाबंद मक्याची चवच तशी असते. तुला वाटलं, शिकलेला माणूस आहे, शिवाय छापलेलं आहे. तू रोज पीत राहिलीस.

आता जरा कारखान्यातलं सांगतो, तुला कधी नीट सांगितलंच नाही. तिथं डबे आधी भरतात, झाकण बसवतात, शिजवतात आणि तसेच कोरे, बिनलेबलाचे रचून ठेवतात. ऑर्डर येईल तसं लेबल लागतं. मग कुठल्या डब्यात काय आहे ते कळायचं कसं? तर झाकणावर बोटाला लागेल असा ठसा असतो. एक टिंब असलं तर आत साधं पाणी. दोन टिंबं असली तर मिठाचं पाणी. लेबल खोटं बोलू शकतं, टिंब बोलत नाही, ते झाकण बसतानाच उठतं. मी लेबलाच्या मशीनवर होतो. कुठलं लेबल कुठल्या मालाला, ते क्वालिटीच्या साहेबांची चिठ्ठी आल्याशिवाय लावायचं नाही, असा नियम. क्वालिटीचे साहेब कोण, ते तुला सांगायला नको. ते तुझ्यासमोरच बसलेत. भावोजी, आवाज बारीक का झाला? आईला पुढचं ऐकू येत नसेल.

त्या दिवशी बिनमिठाचा माल न्यायला ट्रक दारात उभा होता आणि एका टिंबाचे डबे संपले होते. चिठ्ठी आली. मी लेबलं लावली. दोन टिंबं मला दिसत होती आई, आंधळा नव्हतो. साहेबांनी लिहिलंय, ते बघतील, असं म्हणून शिट्टी वाजवत लावली. तेवढं माझं आहे, ते मी कुणावर ढकलत नाही. पण भावोजींची कमाल बघ. दोन दिवसांनी त्याच ढिगातून त्यांनी तुझ्यासाठी खोका उचलला. झाकण उलटून बघितलंही नाही. आपणच लावायला सांगितलेल्या लेबलावर आपणच विश्वास ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी तुला मुद्दाम दिलं असं मी म्हणत नाही. ते विसरले.

मग तुझे पाय सुजले, आडवं पडलं की तुला श्वास पुरेना, आठ दिवस दवाखाना. डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली, ताईनं एक डबा फोडून पाणी चाखलं, आणि भावोजींचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. त्यांना आठवलं. आणि पुढच्याच क्षणी ते माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले की ह्यानंच घरच्या खोक्यावर खोटी लेबलं चिकटवली, मला तोंडघशी पाडायला. सगळ्यांना पटलं. का नाही पटणार? त्यांच्या बढतीच्या पार्टीत वाटाण्याच्या डब्यांना मक्याची लेबलं लावणारा मीच, त्यांच्या खुर्चीला लेबलाचा गम लावणारा मीच. मी चिठ्ठीचं बोललो तर म्हणाले, दाखव. चिठ्ठी मशीनपाशी खिळ्याला टोचलेली, आणि मला गेटच्या आत घ्यायचं नाही असं त्यांनी दुपारपर्यंत सांगून ठेवलं होतं. नोकरी गेली त्याचं काही नाही. घराबाहेर काढलं त्याचंही नाही, घर त्यांचं आहे.

तर झालं असं की मागच्या आठवड्यात मी फळीवर बिनमिठाचा मका लावत होतो. सवयीनं झाकणावर बोट फिरलं. दोन टिंबं. पुढचा डबा, दोन टिंबं. बावीसच्या बावीस. मी एका खोक्याची लेबलं बदलू शकतो आई, गावभरच्या दुकानांतली नाही. कुठल्या कुठल्या घरांत तुझ्यासारखंच कुणीतरी वाटीतलं पाणी पीत असेल. मालकांना दाखवलं. त्यांनी एक डबा फोडून चाखला, सगळे खाली उतरवले आणि तपासणी खात्याला फोन केला. उद्या अकरा वाजता तिथल्या बाई भावोजींच्या टेबलासमोर बसणार आहेत. भावोजी, निळा शर्ट घाला, त्यात तुम्ही भारदस्त दिसता. पाणी मागवून ठेवा, साधं. त्या बाई हसत नाहीत, मी दोन विनोद करून पाहिले.

सोबत आमच्या दुकानातला एक डबा पाठवलाय. खायचा नाही. आयुष्यभर शिवणकाम केलंस, कापडाचा दोष तुझ्या बोटाला दिसण्याआधी कळायचा. लेबल भावोजींना वाचू दे, झाकण तू बघ.

ताई, मी तुला खोटं सांगितलं, ह्यात माफी नाही. माझ्याकडून नाही. आई, दवाखान्यात तू तोंड फिरवून मला म्हणालीस, "माझ्या जिवाशी खेळलास." ते वाक्य ह्या माणसामुळं तुझ्या तोंडून आलं. मला त्याची नोकरी नकोय, ती उद्या त्या बाई बघतील. मला एवढंच हवं होतं की तुला खरं कळावं आणि ते ह्याच्याच तोंडून कळावं, तुझ्यासमोर, ताईच्या देखत, त्याच बातम्यांच्या आवाजात. म्हणून हे पत्र. पॅकिंगच्या मावशींनी खिळ्यावरची ती चिठ्ठी परवा काढून आणून दिली. पाकिटात तिची झेरॉक्स आहे, फाडली तरी चालेल, अस्सल तपासणीवाल्या बाईंकडं गेलीय. दोनच ओळी आहेत, खाली सही. भावोजी, आता ती वाचा. अडखळायचं कारण नाही, अक्षर तुमचंच आहे.

तुझंच,
कार्टं